आईच्या बोटांत कोण राहतं

भोर,
आश्विन वद्य तृतीया, शके १८६०

चिरंजीव मधूस अक्काचे पोटभर आशीर्वाद.

तुझं बडोद्याचं पाकीट परवा पोचलं. इकडे सगळं ठीक. दिवाळीच्या तोंडावर ह्यांच्या कचेरीतली कामं वाढली आहेत. रोज उशिरा जेवायला येतात आणि भात गार झाला म्हणून माझ्यावरच रुसतात. उत्रोलीकडची शेतं पिवळी पडू लागली आहेत, आता कापणीला माणसं मिळायची नाहीत.

आईचं आहे तसंच चाललं आहे. वाढलं की जेवते, धरलं की चालते, ओळखत मात्र कुणालाच नाही. वैद्य म्हणाले, हा हिवाळा काढतीलसं वाटत नाही.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतोस, ते छानच शिकवत असशील. एका पक्षाचं म्हणणं, देह हे घर आणि मन हा त्यात राहणारा. राहणारा निघून गेल्यावर रिकाम्या घराला भेटून काय करायचं? दुसरा पक्ष म्हणतो, मन असं वेगळं काही नसतंच, ते देहाचंच काम. देह थकला की तेही थांबलं. मोठं गहन आहे, बाबा. मला एवढंच कळलं की कुठलाही पक्ष धरला तरी तुला भोरला यायला नको!

रागावू नकोस. काल काय झालं ते ऐक.

दुपारी आईच्या केसांना लावायला तेल कोमट करून आणलं. तिने वाटी माझ्या हातातून ओढून घेतली आणि खांद्याला धरून मलाच पाटावर बसवलं. माझ्याकडे आल्यापासून तिने आपण होऊन केलेलं हे पहिलंच काम. आधी टाळूवर तेल थापलं, मग कानामागून बोटं वर नेली. आपल्या लहानपणी दिवाळीच्या पहाटे लावायची ना, अगदी तस्सं. मी डोळे मिटून घेतले, नाहीतर रडले असते.

आमची साळूबाई भांडी घासता घासता बघत होती. ती म्हणाली, "बाई, डाव्या कानामागं काय लागलंय का वो तुमास्नी? आईसाब तितं आल्या की हात उचलत्यात. फुंकर बी घालत्यात."

मला कुठे काय लागलंय! लागलं होतं तुला. नीरेच्या घाटावर घसरून पडलास आणि डोकं फुटलं, तेव्हा. त्या वर्षी तेल लावताना आई तिथे हात उचलून फुंकर घालायची. पुढे जखम भरली, तू मिशा फुटलेला बाप्या झालास, तरी तिने ते सोडलं नाही. आपण हसायचो तिला.

रोज सकाळी ती मला विचारते, "आपण कुणाकडच्या?" तिच्या डोळ्यांना मी कुणीच नाही, आणि तिच्या हातांना मी मधू आहे.

हे तुला लिहिणार नव्हते. तिचं न्हाणं-धुणं, खाणं-पिणं सगळं मी करायचं, आणि तिच्या बोटांत जे कोणी उरलं आहे त्याने तुझी वाट बघायची. खरं सांगते, फार हेवा वाटला तुझा. वाटी हिसकावून उठावंसं वाटलं. उठवलं नाही. मान खाली घालून तुझ्या वाटणीचं तेल मी सगळं लावून घेतलं.

तू का येत नाहीस ते मला ठाऊक आहे, मधू. ती तुलाही "आपण कोण?" असं विचारील, याची तुला धास्ती आहे. विचारीलच. विचारू दे. तू पाटावर बस, टोपी काढ आणि गप्प राहा. देहाबद्दल नाही नि मनाबद्दल नाही, एक अक्षर बोलू नकोस. केस उरले नसतील तरी चालेल.

नरकचतुर्दशीला पहाटे पाणी तापवून ठेवते. या खेपेला तिच्यापुढे तू बस. मी शेजारी दिवा धरून उभी राहीन. त्या जखमेची खूण खरंच बोटांखाली आल्यावर तिचा हात काय करतो, ते मला एकदा बघू दे.

तुझी,
जिच्या डोक्यावर ती खूण नाही, ती
अक्का