वैशाखातल्या हळदीआधी

चामोर्शी, १४ जानेवारी २०२५

ती. दुर्गाबाईस,
धाकट्या बहिणीचा, रंजीताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर नीट बोलत नाही म्हणून रुसू नकोस. फोन बाबांच्या खिशात, आईचे कान अंगणात, आणि तू सांभाळतेस त्या वसतिगृहात रेंज असली तर असली. छातीच्या गोष्टी काय ओरडून सांगू? म्हणून हे पत्र.

दिवाळीनंतर ऑपरेशन झालं ते ज्यासाठी, ते सगळं मिळालं. पाठ दुखत नाही, खांद्यावर पट्ट्यांचे वळ नाहीत. आता भाताच्या रोवणीला दिवसभर वाकले तरी मान धरणार नाही. नागपूरला जाऊन छाती कमी करून घेतली याचा पस्तावा नाही. मग जीव थाऱ्यावर का नाही, ते कळत नाही.

बाई, मला माझ्या अंगाकडे बघवत नाही. टाके होते तिथे लाल, जाड रेघा उठल्या आहेत. बोंडाभोवती गोल, तिथून खाली, आणि मग आडव्या. उजवी बाजू डावीपेक्षा वर वाटते. आकार तर चौकोनी डब्यासारखा. सारखी कडी लावून आरसा बघते. आई विचारते, आरशात काई पेरलं आहेस का वं.

वैशाखात लग्न. भूपेशला ऑपरेशनचं मीच साखरपुड्याआधी सांगितलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि बघणं वेगळं. त्याच्या आईला नि बहिणीला, आचलला, काहीच ठाऊक नाही. आणि आपल्याकडची हळद तू जाणतेस. ब्लाऊज काढून नुसत्या जुन्या लुगड्यात बसवतात, आणि सासरच्या बायका गळ्यापासून पोटापर्यंत चोळतात. त्यांचे हात या रेघांवरून फिरतील या विचारानंच अंग आकसतं. तू येशील ना? भाऊजी वारल्यापासून तू घरातल्या एकाही मांडवात पाऊल ठेवलं नाहीस.

बाकी सगळं कमी झालं तरी तुझी माया कमी होऊ देऊ नकोस.
तुझी,
रंजीता

भामरागड, २५ जानेवारी

चि. रंजीतास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि वसतिगृहाच्या पोरींच्या हाती लागू नये म्हणून उशीच्या खोळीत घातलं. मग तुझं नाव न घेता इथल्या डॉक्टर मॅडमना विचारून आले. त्या म्हणाल्या, पहिले काही महिने व्रण लाल आणि जाड दिसतातच. वर्ष-दीड वर्षात फिके पडतात, पण पुसले जात नाहीत. आकार हळूहळू खाली बसतो, आणि दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या कुणाच्याच नसतात. सिलिकॉनची पट्टी लाव, ऊन लागू देऊ नकोस, नागपूरची तपासणी चुकवू नकोस.

आणि शेजारच्या देवकाबाईला हात लावू देऊ नकोस. तिचं औषध तिच्या म्हशीला लखलाभ! तू लहानपणी वांग्याचं रोप लावलंस की दुसऱ्या दिवशी उकरून मूळ बघायचीस. आता तरी तसं करू नकोस.

लग्नाला येईन. पण हळदीच्या वेळी मी मागे चुलीपाशीच बरी. विधवा जवळ आली की बायका ताट कसं बाजूला सरकवतात ते मी पाहिलं आहे. ते आता सोसत नाही.

जिवाला जप आणि थोडी आम्हांलाही आठवत राहा.
तुझी,
दुर्गा

चामोर्शी, १० मार्च

ती. दुर्गाबाईस सा. न. वि. वि.

आधी शिव्या दे, मग पुढे वाच.

शिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत आचल भेटली. तिनं माझा दंड धरून लाडानं सांगितलं की हळदीले पहिला हात माहाच राहीन, वहिनी. घरी आले ती घाबरलेली. त्याच संध्याकाळी देवकाबाईकडे गेले. तिनं बिबा तापवून त्याचं तेल डाव्या बाजूच्या जाड रेघेवर लावलं. तीन दिवसांत दाग साफ, असं म्हणाली. दुसऱ्या दिवशी बिबा उतला. फोड, आग, पाणी, आणि खालच्या टोकाला व्रण उकलला. आईनं पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

आता मी लग्नाला उभी राहत नाही. भूपेशला कळवून टाक म्हणून बाबांना सांगायचं आहे, पण तोंड उघडत नाही. तू सांगशील का? एकेका घडीला वाटतं, आधीच बरी होते, आणि दुसऱ्या घडीला पाठ आठवते. जेवण जात नाही. घरभर नुसती फिरते.

रागावलीस तरी टाकू नकोस.
रंजीता

भामरागड, १६ मार्च

चि. रंजीतास आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

दुसऱ्याच्या कामात बिब्बा घालणारे पुष्कळ पाहिले. स्वतःच्याच छातीवर घालणारी तू पहिली! हे पत्र मिळेल तेव्हा तू नागपूरच्या मोटारीत बसलेली असायला हवीस. आईला सोबत घे, आणि डॉक्टरांपासून बिबा लपवू नकोस.

लग्न मोडायचा निरोप मी देणार नाही. मला राग तुझ्या मूर्खपणाचा नाही, भीतीचा आहे. आज हळदीला भिऊन लग्न मोडशील, उद्या तळ्यावर आंघोळीला जाणं सोडशील. जन्मभर कडी लावून बसणार आहेस का? ज्यांना सांगायचं त्यांना सांग आणि मोकळी हो. लपण्यानं कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही.

तुझ्या काळजीत,
दुर्गा

चामोर्शी, ६ एप्रिल

ती. दुर्गाबाईस सा. न. वि. वि.

डॉक्टर चांगलंच रागावले, पण जखम भरली. डावीकडे काळा चट्टा राहील, बराच काळ. उजवी आता खाली बसते आहे, दोघींचं जमत आलं आहे.

भूपेशला बिब्याचं सांगितलं. त्यानं विचारलं, आता दुखून राह्यलं का. नाही म्हटलं. तर म्हणाला, मंग लगन काऊन मोडाचं? मग मी स्वतः गडचिरोलीला त्याच्या घरी गेले आणि आचलला नि सासूबाईंना सगळं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, हळद तं लागनच, रीत आहे, पण हात कोनाचा पहिले लावाचा ते पोरीनंच ठरवावं.

मी ठरवलं आहे. पहिला हात तुझा. नाहीतर मी पाटावर बसणार नाही. आई रडते, विधवेचा हात अपशकुन, लोक काय म्हणतील म्हणते. बाबा जाळं घेऊन तळ्यावर निघून गेले. परत आले ते आईला एवढंच म्हणाले, दुर्गाले बोलाव.

तू मला लपू नको म्हणतेस. मग तू भामरागडला काय करते आहेस, बाई? मी माझी छाती तुला दाखवणार. तू तुझा हात चार बायकांना दाखवायचा. उलटटपाली ये म्हणजे झालं.

हट्टी,
रंजीता

भामरागड, १७ एप्रिल

चि. रंजीतास,

तुझ्या पत्राला आधी नाही असं उत्तर लिहिलं होतं. ते फाडलं. मग दोन दिवस तुझ्यावर चिडून होते. पोरींनीही विचारलं, मॅडम बिमार आहेत का. तुझा प्रश्न खरा होता म्हणून इतका झोंबला.

मला भीती वाटते, सांगून ठेवते. मांडवात कुणी ताट सरकवलं तर मी रडेन, आणि तुला मला सावरावं लागेल, हळदीच्या हातांनी. आईला सांग, भांडण माझ्याशी कर, पोरीशी नको.

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळच्या मोटारीनं निघते. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, व्रणावर चोळायचं नाही, नुसता हात टेकवायचा. आताच अंगणात बसून नखं कापली, अगदी बुडापर्यंत.

येते.
तुझी,
दुर्गा