समासात लिहिलेली चेष्टा

अण्णा, तुमचा गुप्तहेर आता टीव्हीवर येतो. तुमच्या सहाही हिंदी कादंबऱ्यांवरून मालिका केली आहे आणि गल्लीतला पानवालासुद्धा ती बघून हसतो. तुम्ही मारे गंभीर चेहऱ्यानं खून रचलेत. तुमचा इथल्या, काशीतल्या दुर्गाघाटावरचा भटजी सोवळ्यात असायचा, म्हणून कशालाही न शिवता नुसतं बघून गुन्हा उकलायचा. त्याला मालिकावाल्यांनी विनोदी करून टाकलाय. परवानगीच्या कागदावर मी सही केली तेव्हा काही वाटलं नव्हतं. आताही हसू येत नाही, रडूही येत नाही. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली. माझ्यात काहीतरी बधिर होऊन बसलंय, एवढंच कळतं.

तुमची नजर अधू झाली तेव्हा मी कॉलेजात होते. तुम्ही शाळेतून शिकवून यायचात, स्वयंपाकघरात पाटावर बसून गिचमिड अक्षरात लिहायचात आणि मी त्याची वहीत सुवाच्य प्रत काढायची. आई पोळ्या लाटतेय. तुम्ही विचारता, "विष कशात घालू?" ती मागे न बघता म्हणते, "वरणात नको. वरण मी करते." तुम्ही मुकाट्यानं खिरीत घालता. सहाव्या कादंबरीत मला या सगळ्याचा कंटाळा आला आणि प्रत काढताना मी एक प्रसंग माझ्या मनानं घुसवला. पळता पळता चोर मागे वळतो आणि भटजीला मुद्दाम शिवतो. सोवळं मोडलं म्हणून भटजी पाठलाग सोडून पायऱ्या उतरतो, गंगेत बुडी मारतो, आणि चोर पसार. दोन दिवसांनी वही परत आली. त्या पानाच्या समासात तुमच्या लाल पेन्सिलीनं एकच शब्द होता: चेष्टा. मी समजले, मी तुमच्या माणसाची टिंगल केली असं तुम्हाला म्हणायचंय. नंतर मी प्रत काढली नाही. ती कादंबरी छापून आली तेव्हा उघडूनही पाहिली नाही. सातवी तुमच्या अक्षरात अर्धीच राहिली, आणि दोन वर्षांनी तुम्ही गेलात.

गेल्या आठवड्यात लेकीबरोबर मालिका बघत होते, मटार सोलत. पडद्यावर भटजीनं गंगेत बुडी मारली. माझा प्रसंग, जसाच्या तसा. म्हणजे तुम्ही तो खोडला नव्हता, छापायला दिला होता. लेक हसून लोळत होती. मी म्हटलं, हे मी लिहिलंय. "आई, मजाक नको करू," ती म्हणाली. तेव्हा ट्रंकेतून वही काढून तिच्यापुढे ठेवली. तिनं समास वाचला आणि म्हणाली, "मग? आजोबांनी शाबासीच दिलीय ना. चेष्टा, यानी कोशिश." ती हिंदी शाळेत शिकली, तिला दुसरा अर्थ सुचलाच नाही. मला तिचा सुचला नव्हता. घरात आपण मराठी बोलायचो, कादंबरी हिंदी असायची. समासात तुम्ही कुठल्या भाषेत होता, अण्णा? आवडलं म्हणून ठेवलंत, की पान पुन्हा लिहायला डोळे नव्हते? मी मटार सोलत राहिले. खूप वाईट वाटायला हवं होतं, हे मला कळत होतं.

लेक म्हणते, सातवी तू पुरी कर. मी हो म्हटलं नाही. हे पत्र कुठे टाकायचं ते ठाऊक नाही, त्या वहीतच राहील. पण तो शब्द मनाला लागला म्हणून मी प्रत काढणं सोडलं, असं मी आईला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, परवा लेकीलाही सांगितलं. तो राग फार तर आठवडाभर टिकला. पुढे एका दुपारी तुम्ही सातवीचे कागद घेऊन माझ्या दाराशी आलात आणि म्हणालात, "वेळ असला तर बघतेस का गं?" मी पुस्तकातून मान वर न करता म्हटलं, परीक्षा आहे. तुम्ही "बरं" म्हणालात आणि कागद घेऊन परत गेलात. परीक्षा संपून महिना झाला होता, आणि शेवटच्या पेपरला मला सोडायला तुम्हीच आला होतात.