गुणवंतरावांचा शेवटचा भाग

मु. पो. येडगाव, ता. जुन्नर

चिरंजीव सुभाष यास,

भगवंतदादाचे पोटभर आशीर्वाद. घरात सोनललाही सांग. तुझी मान कशी आहे? चित्रं काढून काढून ती डावीकडे वळेनाशी झाली होती, असं मागे कळलं होतं. (डावीकडे बघण्यासारखं मुंबईत काही नसेल तर गोष्ट वेगळी.) इकडे धरणात पाणी आहे, उसात बिबट्या आहे, पण तोही आता ओळखीचा झाल्यासारखा वागतो. तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात, ती मात्र कुरकुरत नाही. आमच्या ज्ञानेश्वरचं बरं चाललंय आणि त्याची हर्षाली कॉलेजला जाते, म्हणजे निदान घरातून तरी निघते.

पत्र आलेलं बघून तू दचकशील. पण फोन केला असता तर तू "दादा, मीटिंगमध्ये आहे," म्हणाला असतास आणि मी "बरं बरं" म्हणून ठेवला असता. आपलं गेल्या कित्येक वर्षांचं बोलणं एवढंच आहे. पत्राला मीटिंगमध्ये आहे असं सांगता येत नाही. ते टेबलावर बसून राहतं, पाहुण्यासारखं.

तर झालं असं. मागच्या पंधरवड्यात आम्ही जेवायला बसलो होतो आणि हर्षालीने फोनमधून डोकं वर काढून सांगितलं, "आबा, 'सोनटक्क्यांचं खटलं' बंद होणारे. आणि शेवटच्या भागात गुणवंतराव मरणारेत." मी म्हटलं, आमटी वाढ. आता तू वीस-बावीस वर्षं दर रविवारी हे कार्टून चालवतो आहेस, आणि त्यातला तो टक्कल पडलेला, पोट सुटलेला, मिशाळ गुणवंतराव सोनटक्के हा मी आहे, हे तू कधी कबूल केलं नाहीस आणि मला कधी नाकारता आलं नाही. मी पाटकरी म्हणून कालव्याचं पाणी सोडण्यात जन्म घालवला, तोही पाटकरी. मी लोकांना "ते आपल्या हद्दीत येत न्हाई" असं सांगायचो, तोही प्रत्येक भागात तेच सांगतो, छप्पर उडालं तरी. मंचरच्या बाजारात मी कांदा घेऊन गेलो की पोरं लांबून ओरडतात, "गुणवंतराव, हे आपल्या हद्दीत येतं का?" मी उत्तर देत नाही. (दिलं तर तेच द्यावं लागेल.)

जेवणात सांगितलेली बातमी सकाळपर्यंत गावभर झाली. पण गावात जाताना ती जरा बदलली. गुणवंतराव मरणार, एवढी होती ती वेशीपर्यंत. वेशीच्या आत शिरल्यावर भगवंतराव मरणार अशी झाली. त्यात लोकांचा दोष नाही. त्यांनी वीस वर्षं एकच मानलंय, आता मरणापुरतं वेगळं कसं मानतील?

पहिला आला हौशीराम. त्याने आपला औषध फवारायचा पंप कधी नेला होता, हे मीही विसरलो होतो. तो पंप धुऊन-पुसून, नवा नोझल बसवून ओट्यावर ठेवला आणि म्हणाला, "भगवंतराव, म्हटलं आता आपल्याकडं ठिवनं बरं न्हाई." मी म्हटलं, अरे पण का? तर चहाही न घेता निघून गेला. मग कोपऱ्यावरच्या केश कर्तनालयात गेलो, तर एरवी कान धरून डोकं फिरवणाऱ्या माणसाने देवाच्या मूर्तीला हात लावावा तशी दाढी केली. ग्रामपंचायतीतले दोघे येऊन स्टँडवरच्या निवारा शेडचं मोजमाप घेऊन गेले आणि जाताना मला विचारलं की नाव पूर्ण घालायचं की नुसतं 'भगवंतदादा'.

आणि झुंबरबाई. तिला तू ओळखतोसच, शेजारची, जिच्या रडण्याला सबंध आळीत तोड नाही. ती कुरडयांचा डबा घेऊन आली, तुझ्या वहिनीच्या गळ्यात पडली आणि सूर लावून म्हणाली, "लई चांगला मानूस व्हता वं कुशाबाई! कुनाला कदी वाकडं बोलला न्हाई!"

मी समोरच बसून चहा पीत होतो. म्हटलं, "झुंबरबाई, आहे म्हणा. व्हता नाय."

"तुमी गप बसा," ती डोळे पुसत म्हणाली. "तुमाला काय कळतंय?"

तुझी वहिनी हसून हसून आत निघून गेली. मीही हसलो. पण सुभाष, माणसाला स्वतःबद्दल भूतकाळात बोललेलं ऐकायची सवय नसते. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा हसू थोडं कमी आलं. तिसऱ्यांदा मी कपाटाच्या आरशात जाऊन बघून आलो.

म्हणून मी ठरवलं की मरायचंच असेल तर निदान आपण काय जगलो ते बघावं. तुझं ते खटलं मी सलग कधी पाहिलेलं नव्हतं. कुणाच्या ओट्यावर पाच मिनिटं, एसटीच्या कँटीनमध्ये दहा मिनिटं, आणि कुणी माझ्याकडे बघून हसलं की उठून यायचं, असंच चाललं होतं. हर्षालीने टीव्हीला काहीतरी जोडून दिलं आणि मी नि तुझी वहिनी पहिल्या भागापासून बसलो. दुपारचं जेवण झालं की बसायचं ते जनावरांचं दूध काढायच्या वेळेपर्यंत.

सुरुवातीचे भाग बघवत नाहीत रे. माणसं चालतात की सरकतात ते कळत नाही, आणि गुणवंतरावाची मिशी एका दृश्यात काळी तर दुसऱ्यात जांभळी. हर्षाली म्हणाली, दुसरा कुठलासा कार्यक्रम तयार नव्हता म्हणून चार रविवार भरून काढायला तुझं कार्टून लावलं होतं, आणि मग कुणी काढलंच नाही. (आपल्या गोठ्याचा पत्राही असाच तात्पुरता टाकला होता, बाबांच्या वेळी.) पण त्या भागांत जीव आहे. घरात चूल धड पेटत नाही, बायको रुसते, पोरगा बंड्या दप्तर विहिरीत टाकतो, आई सगळ्यांना घालूनपाडून बोलते, आणि तरी शेवटी सगळे एका पंगतीत जेवतात. भांडणाचा निकाल कधीच लागत नाही. नुसतं जेवण होतं. मला वाटलं, हे आपलंच घर आहे, पण आपण राहत होतो तेव्हा एवढं दिसलं नव्हतं.

मधली वर्षं मात्र तू वाया घालवलीस, स्पष्ट सांगतो. गुणवंतराव एसटीने चंद्रावर काय जातो, म्हशीला निवडणुकीला काय उभं करतो, त्याच्या घरी मंत्री काय येतात. तुझी वहिनी म्हणाली, "भाऊजींना त्या वक्ताला कुनी जेवायला घालत नसंल." मग पुढे पुढे पुन्हा सावकाश झालं. आणि आईचा आवाज द्यायच्या त्या बाई वारल्या, तेव्हा तू दुसरा आवाज आणला नाहीस. त्यानंतर कार्टूनमधली आई बोलतच नाही. नुसती बघते, आणि बाकीचे सगळे घाबरून तिला उत्तरं देतात. तो पहिला मुका भाग बघितला त्या दिवशी आम्ही दूध काढायला उशिरा उठलो. म्हैस ओरडत होती, पण दोघांनाही ऐकू आलं नाही असं आम्ही एकमेकांना दाखवलं.

एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. त्या घरात काही राहत नाही. छप्पर उडालं, घर पाण्यात गेलं, नवरा-बायकोची काडीमोड होता होता राहिली, तरी पुढच्या रविवारी सगळं होतं तसं. बंड्या इतकी वर्षं चौथीतच आहे. (ज्ञानेश्वरच्या मिशीत पांढरे केस आले, तो म्हणतो, काकाने मला कधी पाचवीत घातलंच नाही.) आपल्याकडे उलटं आहे. आपल्याकडे सगळं राहतं. लग्नात कोण रुसलं ते राहतं, बांधावरून कोण काय बोललं ते राहतं, आणि माणसं तेवढी राहत नाहीत. लोकांना तुझं कार्टून का आवडतं ते मला या वयात कळलं, आणि थोडा रागही आला, की हे आम्हाला का मिळू नये.

मी हर्षालीला म्हटलं, "मग गुणवंतराव मेला तरी बिघडलं काय? पुढच्या रविवारी उठंल की."

ती म्हणाली, "आबा, पुढचा रविवारच नाहीये."

मी बाहेर जाऊन कडबा उगाच इकडचा तिकडे केला.

आता तुझ्याबद्दल. बघताना एक खटकत होतं, पण काय ते सापडेना. लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर माकड चष्मा पळवतं तो भाग आला. सगळा गाव त्यावर मला हसला होता. पण तो चष्मा तुझा होता, सुभाष. मला त्या काळी चष्मा नव्हता. शाळेच्या नाटकात राजाची वाक्यं विसरून प्रधानाची म्हणणारा तू. आंब्याच्या झाडावर चढून उतरता न आलेला तू. तुझ्यासकट सगळ्यांच्या फजित्या तू माझ्या पदरात घातल्यास, आणि स्वतः त्या घरात कुठंच नाहीस. आई आहे, म्हैस आहे, उखळ आहे, दिवाळीला येऊन सगळा फराळ संपवणारा मामा आहे, पण गुणवंतरावाला भाऊ नाही. मी हे बोलून दाखवलं.

तुझी वहिनी म्हणाली, "हाये की. तुमाला दिसंना व्हय?"

तिने मला शेवटचं दृश्य पुन्हा लावायला सांगितलं. पंगत बसते, आई वाढते, आणि सगळ्यांना वाढून झालं की धान्याच्या कणगीजवळ एक जास्तीचा पाट मांडून ताट ठेवते. मग मांजर येऊन त्यातली भाकरी नेतं आणि भाग संपतो. प्रत्येक भाग. लोक मांजराला हसतात, मीही हसत आलो. "ती जागा भाऊजींची," ती म्हणाली. "कनगीजवळची. भिताडाला टेकायला मिळतं म्हनून त्यांनी तुमच्याशी भांडून घेतली व्हती."

तू चित्रकलेच्या कॉलेजला मुंबईला गेलास, त्यानंतर आई खरंच कितीतरी दिवस तुझं ताट वाढत होती. मांजराने खाल्लं की म्हणायची, पोचलं त्याला. पण हे तुला कुणी सांगितलं? मी तर नाही. मी वळून बघितलं तर तुझी वहिनी माझाच चष्मा पदराने पुसत होती, नाकावरून काढून घेतला तरी मला कळलं नव्हतं. नारायणगावच्या एसटीडी बूथवरून तिने तुला काय काय सांगितलं असेल कोण जाणे. मी बाहेर सायकल धरून उभा असायचो आणि मला वाटायचं, ती हवापाणी विचारतेय.

माझी तक्रार होती ती अशी मिटली. लोक म्हणतात, दादा कोर्टात जाईल या भीतीने तू गावाला येत नाहीस. कोर्टात कशाला जाऊ? खटलं तर तूच उभं केलंस, आणि त्यात माझी बाजू माझ्यापेक्षा बरी मांडलीस. गुणवंतराव मूर्ख आहे, आळशी आहे, पण दर रविवारी शेवटी तो हात धुऊन पंगतीत येतो. मी इतक्या नेमाने येत नव्हतो.

थोरल्याचं लिहिणं गोड मानून घे. मान शेकत जा.

तुझा,
भगवंतदादा

ता. क. हर्षालीने पत्र वाचलं. ती म्हणते, फार लांबलंय आणि मधे जाहिरात पाहिजे होती. शेवटच्या भागात तिचं नाव कुठल्या तरी पात्राला दे, अशी तिची मागणी आहे. बकरीला चालेल, असंही म्हणाली.

ता. क. दुसरा. निवारा शेडवर सध्या तरी नाव घालू नका, असं मी पंचायतीत सांगून आलो. ते म्हणाले, रंग आणलाय. म्हटलं, मग येडगाव असं लिहा. त्यांना पटलं, तिथं तेही लिहिलेलं नव्हतं.

ता. क. तिसरा. तुझी वहिनी वरचं सगळं वाचून चहा टाकायला गेली आहे, म्हणून आता लिहितो. माझं छातीचं एक काम निघालं आहे, पुण्याला, पुढच्या महिन्यात. नळ्या तुंबल्यात म्हणे. पाटकऱ्याला एवढं फोड करून सांगावं लागलं नाही. डॉक्टर म्हणतात, रोजचंच काम आहे. त्यांचं असेल. गावात कुणाला बोललेलो नाही. ज्ञानेश्वर आहे, पण तो बाहेर बसून घाबरेल आणि तुझ्या वहिनीलाच त्याला पाणी द्यावं लागेल. तू ये. तिच्या शेजारी बस आणि काहीबाही बोलत राहा. तुझ्या बोलण्यावर ती हसते. मला ते कधी जमलं नाही.

आणि तो शेवटचा भाग अजून लिहिला नसशील तर घरी लिहू नकोस. कागद-पेन्सिल बरोबर आण, बाहेर बसणाऱ्याला वेळ पुष्कळ असतो म्हणतात. सुरुवात हवी तर कर. शेवट मात्र मी बाहेर आल्यावर, मला विचारून कर.