शांगरक कुणी उचललं

आक्सूचं उन्हाळी कुरण,
१९ जून १९९७

प्रिय कुआनिश,

गुरं सुखरूप? माणसं सुखरूप? कारागांदा शहरात, चौथ्या मजल्यावर तुझ्याकडे गुरं नाहीत हे मला माहीत आहे, पण गुरांची चौकशी केल्याशिवाय पत्र सुरू करायला हात धजत नाही. तेव्हा तुमचा जिना सुखरूप असो, नळाला पाणी असो. आपल्या सूनबाईचा, आयमानचा हात भाजला होता, तो बरा झाला का? तिला म्हणावं, वर लोणी नको लावूस, थंड पाणी लाव.

इकडे यंदा कोकरं चांगली जगली. दालेलखान आगांची म्हातारी याक व्यायली आणि आगा असे मिरवले की बाळंतपण त्यांचंच झालं असावं. आई बरी आहे. तू पाठवलेला चष्मा लावते, म्हणजे कपाळावर लावते. डोळ्यांना त्याचा काही उपयोग राहिलेला नाही, पण "माझ्या मुलानं पाठवला" म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला होतो.

तुझं पत्र पोचलं. ऑगस्टमध्ये ट्रक येणार, आईनं त्यात बसून तुझ्याकडे यायचं, मी वाटलं तर यायचं, आणि घर ओल्गी गावच्या त्या पर्यटकवाल्याला देऊन टाकायचं. ट्रकवाल्यासाठी लिहिलेला मजकूरही आईला वाचून दाखवला. लोकरीचे नमदे, भिंतींच्या जाळ्या, छताच्या काठ्या सगळं त्या माणसाला द्यावं, फक्त माथ्यावरचं गोल लाकडी चाक, ज्याला शांगरक म्हणतात, ते जपून आणावं, भिंतीवर लावायचं आहे. कुआनिश, आपल्याकडच्या ट्रकवाल्याला शांगरक म्हणजे काय हे तू समजावून सांगतोयस! आई हसली.

त्याबद्दल लिहिते. आधी इथे कसे पोचलो ते सांगते.

यंदा आम्ही सगळ्यांच्या मागून निघालो. बाकीचे केव्हाच वर चढले होते, खालचं गवत संपलं होतं, मेंढ्या माती चाटत होत्या. आगा रोज येऊन म्हणायचे, "वहिनी, निघायचं ना?" आणि आई म्हणायची, "कुआनिश मेअखेरीस येतो म्हणालाय. घर उभं करायला तो हवा." बाबांच्या मागे शांगरक दर वर्षी तूच उचललंस. घराचा धाकटा मुलगा, घर तुझं, उचलायचा मान तुझा. आई तुझ्यासाठी थांबली होती. तू आला नाहीस, पत्र आलं. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच उंटावर दोर आवळायला घेतले.

वर आलो तर वारा होता, पश्चिमेचा, त्या खिंडीतून येतो तोच. जाळ्या आम्ही बायकांनी उभ्या केल्या, दार बसवलं, पट्टे ताणले. बोपे काकू, तिच्या दोन मुली आणि मी. शांगरक उचलायला आगा बेचक्याची काठी घेऊन मधोमध उभे राहिले. त्यांचा खांदा हिवाळ्यापासून दुखतोय हे सगळ्यांना ठाऊक, पण म्हणणार कोण? "बाजूला व्हा, पोरींनो," म्हणाले, "मी हे काम तुमच्या जन्माआधीपासून करतोय." उचललंही. आम्ही छताची पहिली काठी त्याच्या खाचेत बसवतोय तेवढ्यात वारा आला, खांदा दगा देऊन गेला आणि शांगरक खाली आलं.

दगडावर पडलं. कडेला तडा गेला, बोट जाईल एवढा.

हे तुला सांगायचं नव्हतं. पत्राचा हा कागद मी दोनदा बाजूला ठेवला. आजोबांच्या बापानं वाकवलेलं ते लाकूड, इतक्या चुलींच्या धुरानं काळं झालेलं, ते कुणाच्याही हातून पडलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. आगा खाली बसले. बोपे काकू डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावून पुटपुटायला लागली. आईला दिसत नाही, पण आवाज कसला ते तिला कुणी सांगायची गरज पडली नाही.

आगा म्हणाले, "वहिनी, घरानंच सांगितलं बघ. आता हे उठायचं नाही. पोरगा बोलावतोय, जा त्याच्याकडे."

आई म्हणाली, "घरानं नाही रे सांगितलं, तुझ्या खांद्यानं सांगितलं. औषध लाव त्याला."

त्या रात्री नुसत्या छताच्या काठ्यांची खोप करून, वर नमदा टाकून झोपलो. सकाळी मी वसंतात मेलेल्या बैलाचं कातडं ओढ्यात भिजत घातलं. ओलं कातडं गुंडाळून शिवलं की वाळताना ते लाकडाला आवळत जातं, हे बाबांनी खोगीर दुरुस्त करताना तुला शिकवलं होतं. तू तेव्हा जांभया देत होतास, मी बाजूला चहा ढवळत होते. जनावराच्या स्नायूच्या वळलेल्या दोऱ्यानं शिवलं. बोटं सोलली. आगा दुरून बघत होते. म्हणाले, "टिकणार नाही." मी म्हटलं, "मग तुम्ही नवं घडवून द्या." त्यावर ते याकेकडे गेले.

कातडं सावलीत वाळेपर्यंत आम्ही त्याच खोपीत राहिलो. ये-जा करणारे घोडे थांबवून आईचं नाव घेऊन विचारायचे, कनिपाबाईचं घर का उठत नाही? आगा सांगायचे, जाणार आहेत त्या मुलाकडे. मी सांगायचे, वाळतंय.

वाळलं तेव्हा आईनं तडा हातानं चाचपला. एकदा, मग पुन्हा. मग म्हणाली, "आता उचला."

आगा पुढे झाले. ती म्हणाली, "तू नाही. शिनार उचलेल."

काय सांगू तुला! बोपे काकूच्या हातातून दोरच सुटला. आगा म्हणाले, "वहिनी, बाईमाणसानं शांगरक उचलायचं? लोक काय म्हणतील? आणि हिनं? नवऱ्याचं घर सोडून आलेली ही."

आई म्हणाली, "मग थांब. तुझा पुतण्या कारागांदाहून हात लांब करील आणि उचलील. तोवर आपण पावसात बसू."

मी काठी घेतली. मी घाबरले होते, हे तुला खरं सांगते. काठीचं बेचकं शांगरकाला लावलं, उचललं, आणि ते किती जड आहे ते मला पहिल्यांदा कळलं. आम्ही बायका जाळ्या बांधतो, नमदे शिवतो, दोर वळतो, सगळं घर आमच्या हातून जातं, तो एक लाकडाचा गोल सोडून. वारा पुन्हा आला. आगा ओरडले, "पाय रोव! गुडघे वाकव, अगं, गुडघे!" बोपे काकूनं पहिली काठी बसवली, मुलींनी समोरची, मग बाजूच्या, आणि हळूहळू भार माझ्या हातांवरून काठ्यांवर गेला. आगांनी शेवटची काठी स्वतः बांधली. कुणाला न विचारता.

मग आईनं चूल पेटवायला लावली आणि आगीत लोणी सोडलं. आणि लोणी सोडताना तिनं माझं नाव घेतलं.

याचा अर्थ तुला ठाऊक आहे. म्हणून मी इतकी पानं याक आणि चष्मा करत बसले. हे घर आता माझं आहे, कुआनिश. पर्यटकवाल्याला तू देऊ शकत नाहीस, कारण ते तुझं राहिलं नाही. शांगरक तुझ्या भिंतीवर लागणार नाही. आई येणार नाही. मी तिला भरीला घातलेलं नाही, खोटं वाटत असेल तर आगांना विचार, ते माझ्या बाजूनं कधीच बोलत नाहीत. ती म्हणाली, "चौथा मजला म्हणजे माझ्या डोक्यावर दुसऱ्याचे पाय चालणार. इथे डोक्यावर काय आहे ते मला न दिसताही कळतं." तू तिच्यासाठी नवी खाट घेतलीस हे तिनं सगळ्या कुरणाला सांगितलंय. तुझी माया खोटी आहे असं ती म्हणत नाही आणि मीही म्हणत नाही.

पण आणखी एक लिहिते, नाहीतर हे पत्र अर्धवट राहील. आईनं नाव घेतलं म्हणून मी गप्प मान खाली घातली असं समजू नकोस. मला हे घर हवं होतं. तू सोडून गेलास तेव्हाही हवं होतं, आणि तू होतास तेव्हाही. ऑगस्टमध्ये ट्रक आला तर ट्रकवाल्याला पोटभर चहा पाजेन, वाळवलेल्या दह्याची पिशवी तुझ्यासाठी देईन आणि रिकामा परत पाठवेन. पर्यटकवाला आला तर त्यालाही चहा. तो याला तंबू म्हणतो.

त्यापेक्षा तूच त्या ट्रकमध्ये बसून ये. आयमानला घेऊन ये. आई रोज कुत्रं भुंकलं की दाराकडे तोंड करते, त्याचं कारण मी वेगळं सांगायला नको.

आपण लहान असताना बाबा मला आत दारासमोर, मानाच्या वरच्या जागेवर, रंगीत नमद्यावर बसवायचे आणि तुला दाराशी, गोवऱ्या आणायला सोयीचं म्हणून. तू रडायचास, हिला का तिथे? बाबा म्हणायचे, "ती पाहुणी आहे रे. मुलगी आज ना उद्या जायची. घर तुझं." तू लगेच खूश व्हायचास आणि मला त्या मऊ नमद्यावर बसून रडू यायचं. ते कधी कुणी पाहिलं नाही.

तर ये. दारातून वाकून आत ये आणि सवयीनं दाराशी बसू नकोस. मी तुला हाताला धरून वरच्या जागेवर नेईन. मेंढा कापीन आणि त्याचं डोकं, पाहुण्याचा मान म्हणून, तुझ्यापुढे ठेवीन, पहिला घास तुझा. गोवऱ्या मी आणेन.

तुझी अपके, तुझी थोरली बहीण, आणि या घराची धनीण,
शिनार