कयाकवर छत्री, थर्मास आणि मी

३ तारीख, सकाळी
भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, येऊन गेले. म्हणाले, वहिनी, दादा गेल्यापासून त्याची कयाक अंगणात नुसती ऊन खातेय, मी नेतो. म्हटलं, हात तर लावून बघा. शेवटी ठरलं ते असं: सत्तावीस तारखेला, रविवारी, मी त्या होडीत बसून माशीच्या गळाने एक मासा धरायचा. धरला तर होडी माझी, नाहीतर त्यांची. बिचारे उगाच आशेवर राहणार.

४ तारीख
माशीचा गळ म्हणजे गळाला पिसं बांधून खोटी माशी करायची. लांब दोर डोक्यावरून मागेपुढे भिरकावायचा आणि माशी पाण्यावर अलगद टेकवायची. ह्यांना जमायचं, म्हणजे अवघड नसणार. ह्यांना कपाटातली गाळणी सापडायची नाही.
रोज अर्धा तास सराव. उद्यापासून.

५ तारीख
आधी होडीचं बघायला हवं. वर ना खुंटी, ना फळी, सगळं सपाट. बाईमाणसाचा हात लागला नाही की असंच व्हायचं. सराव नंतर.

९ तारीख
प्लंबरला बोलावला. गळाच्या काठ्या उभ्या करायला पाइपचे दोन तुकडे, छत्रीला स्टँड, थर्मासला कडी. तो म्हणतो, मावशी, आता मागे नंबरप्लेट लावू का? म्हटलं, तू ड्रिल चालव.
भाऊजी कुंपणावरून काहीतरी सांगत होते. जळतात, दुसरं काय.
सराव नाही. परक्या माणसासमोर काठी कशी फिरवायची?

१४ तारीख
लेकीचा फोन. आई, तुला पोहता येतं का? म्हटलं, पोहायचं कुठे आहे, बसायचंय. म्हणाली, देऊन टाक ना काकांना. मी जावयांच्या पोटाची चौकशी केली, अजून वाढतंय का म्हणून. तिने फोन आपटला.
तिला एक सांगितलं नाही. हे वीस वर्षं दर रविवारी तळ्यावर जायचे. होडीत सीट एकच. दिवसभर तिथे काय बघता विचारलं की म्हणायचे, काही नाही. ते काही नाही मला एकदा बघायचंय.

२० तारीख
सराव केला! तीनदा. दोर एकदा वाळत घातलेल्या कपड्यांत, एकदा शेजारणीच्या झाडात, एकदा माझ्या अंबाड्यात. शेजारणीने कात्रीने सोडवला. हसत होती मेली. पाण्यावर कुठे आलीत झाडं? म्हणजे जमलंच.

२४ तारीख
पाठ टेकायला खुर्ची ठोकली. आता होडीत फक्त मासा कमी आहे.

२७ तारीख, रविवार, दुपारी
पहिल्या फेकीत दोर छत्रीला. दुसऱ्या फेकीत थर्मासच्या कडीत. तिसऱ्या फेकीत दोन्ही पाइपांना वेढा पडला आणि गळ खुर्चीच्या कापडात रुतला. काठावरून भाऊजी ओरडले, वहिनी, दादा होडीवर काही ठेवायचाच नाही, दोर मोकळा राहायला हवा! मी ओरडले, हे आत्ता सांगता? तर म्हणे, त्या दिवशी कुंपणावरून तेच सांगत होतो.
मासे हाताच्या अंतरावर उड्या मारत होते. माझे दोन्ही हात दोरात. वल्हं कधीच वाहून गेलेलं.
भाऊजी कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि मला ओढत आणलं. एखादा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

२८ तारीख
भाऊजींनी एकेक स्क्रू काढला, सामान दाराशी ठेवलं, होडी गाडीवर बांधली. म्हणाले, भोकं बुजवावी लागतील, वहिनी. म्हटलं, बुजवा. मला कुठे वेळ आहे मासे धरायला.

संध्याकाळी
होडी होती तिथलं गवत पिवळं पडलंय. बरोबर होडीएवढं. अंगण झाडलं, तेवढ्याला वळसा घालून.