मूळव्याध म्हणायचं

४ जाने.
निषेध नोंदवतो. शेजारच्या नानांनी आज पुन्हा माझ्या पेपरातलं शब्दकोडं माझ्याआधी सोडवलं. पेनाने. तेही चुकीचं. या देशात खासगी मालमत्ता म्हणून काही उरलंय का?

दुपारी धाकट्या भावाचा, सुहासचा फोन. त्याच्या मोठ्या आतड्यातल्या कॅन्सरच्या गाठीचं ऑपरेशन होऊन महिना झाला. आता निघालं की गाठीत पेशींची दुरुस्ती करणारा एक जीन गप्प पडलाय. रक्तातही तोच दोष, म्हणजे जन्माचा. "दादा, तूही तपासणीला रक्त दे. तुझ्यात असायची शक्यता निम्मी." नाणेफेक. बघू म्हटलं.

७ जाने.
सुहासबरोबर समुपदेशक बाईंकडे. वंशवृक्ष काढायला बसल्या. बाबा कशाने गेले? मूळव्याध. आजोबा? मूळव्याध. मोठे काका? मूळव्याध. बाईंनी पेन खाली ठेवलं. "मूळव्याधीने घरंच्या घरं जात नाहीत हो."
दोष असला तरी रोग होईलच असं नाही, म्हणाल्या. एकाच घरात कुणाचा जीन बोलता राहतो, कुणाचा मुका होतो. पण दुर्बिणीची तपासणी वेळेवर हवी.
माझं रक्त? पुढच्या आठवड्यात. कामं आहेत.

८ जाने.
आगाशी गावी गेलो. बेबीआत्या, बाबांची बहीण, वाडीत केळीची पानं कापत होती.
"मूळव्याधच."
"तिघांना, आत्या?"
"मग काय सांगायचं? घरात पाच मुली उजवायच्या होत्या. कॅन्सर म्हटल्यावर उंबरा कोण चढलं असतं?"
आमच्याकडे निदान डॉक्टर नाही, सोयरीक करायची.
मग सहज बोलून गेली: तिच्या मुलाला, प्रकाशलाही दोन महिने शौचावाटे रक्त पडतंय. मूळव्याधीचा काढा चालू. डॉक्टर? त्याच्या मुलीचा साखरपुडा उरकला की.
ओरडलो. अक्कल काढली. तिने कोयता पुसला.
"तू दिलंस रक्त?"
"...देणारे."
"मग दे आणि शिकव."

९ जाने.
प्रकाश फोन उचलत नाही. आत्याचा हुकूम असणार. त्याचं वय सुहासएवढंच. आज एकही विनोद सुचला नाही. बायको म्हणाली, बरं नाही का?

१० जाने.
सकाळी रक्त दिलं. रिपोर्टला तीनेक आठवडे. तिथूनच आगाशीची बस.
आत्या ओटीवर. मी बाही वर केली. कापसाची पट्टी तिने बोटाने चाचपली.
"दुखलं?"
"नाही."
मग आत तोंड करून, "प्रकाश, चपला घाल. दादाबरोबर जायचंय."