आरशातला हातमोजा

१२ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

रविवारी तुझ्या वाचनालयाच्या चित्रपट मंडळात त्या जुन्या इटालियन रहस्यपटावर बोलायला बोलावलंस, आणि आता वर प्रेक्षकांच्या अभिप्रायांच्या चिठ्ठ्याही पाठवल्यास. चाळीस वर्षं पेपरात सिनेमांची परीक्षणं लिहिली, पण इतका बिनडोकपणा एका पाकिटात मावलेला कधी पाहिला नव्हता. एकाला खुनी अर्ध्या तासात ओळखू आला, म्हणून सिनेमा टाकाऊ. दुसरी विचारते, एवढं लाल कशाला? तिच्या पडद्यांना शोभलं नसेल. निवृत्त मास्तरांना पोलीस तपास ढिला वाटला. अगं, ते रिकामे जिने, ओले रस्ते, ते संगीत अंगावर काटा आणतं. तिथे पोलिसांकडे बघतो कोण?

कहर केला तो त्या परिचारिका बाईंनी. म्हणे, खुनाच्या आधी आरशात डावीकडे काळा हातमोजा दिसतो. हा सिनेमा मी पाच वेळा पाहिलाय. मोजाबिजा काही नाही. तुम्हाला डुलकीत स्वप्न पडलं असेल, असं मी त्यांना भर सभेत सांगितलं. लोक हसले, बाई खाली बसल्या. अशांना परत बोलावू नकोस.

माया तुझ्याकडून येऊ दे, अक्कल मी पुरवीन.

तुझा मामा


१९ जानेवारी

ती. मामांस,
शि. सा. न.

तुमचा कुजकेपणा लहानपणी मला फार आवडायचा. त्या रविवारी पहिल्यांदाच लाज वाटली.

मंगळवारी सिनेमा मी परत लावून पाहिला. मोजा आहे. डावीकडे, चांगला ठसठशीत. पूर्वी पाच वेळा कसा निसटला, ते तुमचं तुम्ही बघा.

त्या बाई पुस्तक बदलायला आल्या, तेव्हा मी त्यांची माफी मागितली. त्यांना राग नव्हता, काळजी होती. त्या डोळ्यांच्या दवाखान्यात काम करतात. व्यासपीठावर जाताना तुम्ही डावीकडच्या खुर्चीला धडकलात, पाण्याचा ग्लास पाडलात, आणि डावीकडून कुणी माईक पुढे केला तर तो चाचपडत राहिलात. हे सगळं त्यांनी चिठ्ठीच्या मागे लिहिलंय. तुम्ही ती उलटून पाहिली नसणारच. डोळे लगेच तपासा, उशीर केलात तर गेलेली नजर परत येत नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं.

ऐकलं नाहीत तर रजा टाकून येईन आणि कान धरून नेईन. मामीला नमस्कार. रागावलात तरी लोभ कमी करू नका.

तुमची भिंगरी


२३ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

चिठ्ठी उलटली. अक्षर बरं आहे. सिनेमा कळत नाही, म्हणून आता प्रेक्षक परीक्षकालाच तपासायला निघाले. खुर्ची वाटेत होती आणि ग्लास काठावर होता.

तुझ्या मामीला गंमत म्हणून पत्र वाचून दाखवलं. हसेल असं वाटलं होतं. ती उठली, त्या बाईंच्याच दवाखान्यात फोन केला आणि गुरुवारची वेळ ठरवून आली. दोघींपुढे माझं काय चालणार? जातोय.

तुझा मामा


३१ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

काचबिंदू निघाला. डाव्या डोळ्याची कडेची नजर जवळजवळ गेली आहे. उजव्यालाही सुरुवात झालीय, पण रोज थेंब टाकले तर तो टिकेल. आणखी सहा महिने गेले असते, तर तेही सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

यंत्रापुढे मला बसवायला त्याच बाई होत्या. ठिपका चमकला की बटण दाबा म्हणाल्या. डावीकडे ठिपके दाखवायला विसरलात, असं मी त्यांना सुनावणार होतो. मग कळलं. मोज्याचा विषय त्यांनी काढला नाही. मीच माफी मागितली, तर म्हणाल्या, हनुवटी हलवू नका.

घरी येताना मामीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, वर्षभर जेवताना ती माझ्या डावीकडे बसून काहीबाही दाखवते, हात पुढे करते, आणि मी वळूनही बघत नाही. माझं सगळ्या जगाला तुच्छ लेखून झालं, आता तिची पाळी आली, असं ती धरून चालली होती. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही, मीही कधी विचारलं नाही.

आज तिची खुर्ची मी उचलून उजवीकडे ठेवली. बसली, पण अजून नीट बोलत नाही.

जमलं तर दोन दिवस येऊन जा.

तुझा मामा